हरळीला कुंपण

लखनौहून सुलतानपूरला जाणाऱ्या रस्त्याला, सरोजिनीनगर मतदारसंघात, ‘सुशांत गोल्फ सिटी’ नावाची वसाहत आहे. खेळाच्या नावाने अख्खे शहर वसवायचे आणि खेळायला मात्र सभासदांनीच जायचे! यावर बोट ठेवले की ठरलेले उत्तर येते: पैसा खासगी, जमीन खासगी, तुमच्या पोटात का दुखते?

जमीन खासगी झाली कशी, ते आधी पाहू. ही वसाहत उत्तर प्रदेश शासनाच्या २००३ च्या हाय-टेक टाउनशिप धोरणातून उभी राहिली. धोरणात किमान दीड हजार एकरांची अट. एवढा तुकडा सरकारचा हात लागल्याशिवाय जुळत नाही. गहू-भाताची गाळाची शेते शासनाच्या जोरावर गोळा करायची आणि मग ‘आमचे आम्ही बघू’ म्हणायचे, हा कुठला न्याय?

दुसरा दावा हिरवळीचा. म्हणे, गोल्फचे मैदान हे शहराचे फुप्फुस. स्पर्धेच्या दर्जाच्या अठरा होलना शंभराहून अधिक एकर लागतात, आणि उष्ण मुलखात त्यावर बहुधा लावतात बर्म्युडा गवत. म्हणजे कोण? आपली हरळी! जिच्या एकवीस जुड्या आपण गणपतीला वाहतो आणि जी खणता खणता शेतकऱ्याची कंबर मोडते, तीच. बांधावर ती बिनपाण्याची माजते. इथे तिचे लाड करायला पंप, खत आणि कातरणी. जेठातल्या लखनवी उन्हात सावली देते ते आंब्याचे झाड, हा गालिचा नव्हे.

म्हणून गोल्फवरच नांगर फिरवा म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मात्र मी बसणार नाही. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, मेंढ्या चरायच्या त्या वाळूच्या माळांवर हा खेळ वाढला. तिथल्या सेंट अँड्र्यूजचे ‘ओल्ड कोर्स’ हे मैदान आजही सार्वजनिक आहे. दोष कुंपणाचा आहे. असे एक कुंपण याच लखनौत पडले: १९२६ मध्ये संगीताचे मॅरिस कॉलेज निघाले. घराण्यांत कुलूपबंद असलेली विद्या आपल्या भातखंड्यांनी तिथे वर्गात आणून बसवली. गाणे काही बुडाले नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने ‘सुशांत गोल्फ सिटी’च्या विकसकाविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करण्याचा आदेश दिला. आधी घरे-भूखंड घेणाऱ्यांचे देणे फिटावे, हे उघड आहे. पण उद्या ही वसाहत जो कुणी हाती घेईल, त्याच्याकडून एक अट लिहून घ्यावी: आठवड्यातला एक दिवस फाटक सगळ्यांना उघडे. हे काही जगावेगळे नाही: ओल्ड कोर्सवर मोठ्या स्पर्धा सोडल्या तर रविवारी खेळ बंद असतो, आणि गावकरी तिथे कुत्री घेऊन फिरायला जातात.