चौदाव्या वर्षाची गोष्ट

मैत्रिणींनो, बिबवेवाडीतल्या वस्तीत आम्ही किशोरींचा गट चालवतो. त्यांना वाचून दाखवायला कथा शोधताना दर वेळी अडतं. वयात येणारा मुलगा मराठी कथेत सहज भेटतो. प्रकाश नारायण संतांचा लंपन 'वनवास' (१९९४), 'शारदा संगीत' (१९९७) या पुस्तकांतून आपल्यासमोर मोठा होत जातो. आमच्या मुलींनाही तो आवडतो. पण तो हिंडून-फिरून जग समजून घेतो. मुलींचं हिंडणं नेमकं त्याच वयात थांबतं.

१९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! बाळूताई खरे यांनी ते 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावानं लिहिलं होतं. त्यांच्या नायिका मात्र शिकलेल्या, वयानं मोठ्या. तेरा-चौदा वर्षांची पोर स्वतःची गोष्ट सांगतेय, असं आजही फार कमी वाचायला मिळतं.

२०२१च्या ऑक्टोबरमध्ये बिबवेवाडीत कबड्डीच्या सरावाला गेलेल्या एका शाळकरी मुलीचा खून झाला. त्यानंतर आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत मुलींचंच खेळणं बंद झालं. गुन्हा दुसऱ्याचा, शिक्षा आपल्याला, तीही आपल्याच माणसांकडून, हे त्यांना तेव्हा कळलं. भ्रमनिरास म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

अशी मुलगी कथेत भेटली, तर 'माझंच काही चुकलं का?' हा प्रश्न एकटीचा राहत नाही. म्हणून म्हणते, तुमच्या चौदाव्या वर्षी काय तुटलं ते लिहा. शुद्धलेखनाची काळजी नको. गटातल्या मुली ऐकायला बसल्या आहेत.