जुन्या बासची सोवळी पूजा

१९६५ पूर्वीच्या फेंडर बास गिटारसाठी संग्राहक अफाट किंमत मोजतात ती तिच्या नादासाठी, असे म्हटले जाते. आम्हाला हे मान्य नाही. लिओ फेंडर यांनी १९५१ साली कॅलिफोर्नियात आणलेला प्रिसिजन बास हा मुळात कारखान्याचा माल. त्याची मान स्क्रूंनी जोडलेली. बिघडली तर बदलता यावी म्हणून. १९६५ मध्ये सीबीएसने कंपनी विकत घेतली आणि त्याआधीचा माल पुढे पूज्य ठरला. जुन्या लाकडाचा नाद वेगळा असेलही. पण नादाला मूळ रंग आणि मूळ स्क्रू कशाला लागतात?

ज्यांनी या वाद्याला प्रतिष्ठा दिली त्यांनी असले सोवळे पाळले नाही. जाको पास्टोरियस यांच्या १९६२ च्या जॅझ बासचे पडदे काढलेले होते, पट्टीवर इपॉक्सी चढवलेले होते. मोटाउनच्या जेम्स जेमर्सन यांचा प्रिसिजन १९८३ मध्ये चोरीला गेला. त्यांचे वादन ध्वनिमुद्रिकांत उरलेच.

पाने न कापलेली पहिली आवृत्ती अभिमानाने मिरवणारे आपल्यातही आहेत. त्यांना आणि यांना आमचा प्रश्न एकच : जे वाजवायचे नाही, वाचायचे नाही, ते जपून आपण नेमके काय जपतो?