वैशाखातील वाचनव्रत

वैद्यकीय व्यवसायात वाचन ही चैन नसून कर्तव्य आहे, याविषयी दुमत नसावे. नवी औषधे, लसीकरणाचे बदलते वेळापत्रक, परिषदांचे शोधनिबंध हे सारे वाचावेच लागते. मात्र या कर्तव्याच्या भाराखाली स्वेच्छेचे वाचन दडपले जाते. म्हणून वर्षातील निदान एक ऋतू त्यासाठी राखून ठेवावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

गेली सुमारे पंचवीस वर्षे मी उन्हाळा असा राखून ठेवीत आलो आहे. बडोद्याच्या वैशाखात दुपारी दवाखाना बंद असतो; त्या वेळातील तासभर पुस्तकासाठी पुरेसा होतो. नेम साधा आहे : एक न वाचलेला मराठी ग्रंथ, एक पूर्वी वाचलेला, आणि एक मुलांसाठी लिहिलेला. पुनर्वाचनाचे मोल मला विशेष वाटते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' विद्यार्थिदशेत वाचताना त्यांतील विनोदच मनात राहिला होता. बालरोगतज्ज्ञ झाल्यावर तेच पुस्तक हाती घेतले, तेव्हा पोटची मुले गमावणारी आई दिसली. ज्या काळात आजच्या बहुतेक लसी आणि प्रतिजैविके नव्हती, त्या काळातील घरांत आजारपण कसे येत असे, हे पाठ्यपुस्तकातील मृत्युदराच्या आकड्यांवरून उमगत नाही.

वेळ कोठून आणावा, असा प्रश्न सहव्यवसायी विचारतात. १९०९ साली आपल्याच बडोद्यात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर होते. भारतीय औषधी वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ आजही संदर्भासाठी पाहिला जातो. व्यवसाय, शास्त्र आणि साहित्य यांत त्यांना विरोध वाटला नाही, हे आपण ध्यानी घ्यावे.

तिसऱ्या, म्हणजे मुलांच्या पुस्तकाविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे. मुलाला अगदी तान्हेपणापासून वाचून दाखविण्याचा सल्ला पालकांना देणे हा बालरोगतज्ज्ञाच्या कामाचाच भाग आहे, अशी भूमिका अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१४ साली घेतली. मांडीवर बसून ऐकताना मूल शब्द शिकते, आणि मोठ्यांचे अखंड लक्षही त्याला लाभते. मोबाईलच्या पडद्याला हे दुसरे देणे शक्य नाही. दवाखान्यात येणाऱ्या गुजराती मातांना मी गुजरातीत वाचा असेच सांगतो. भाषा घरची असावी, एवढाच आग्रह.

आणि येथेच आपल्या समाजापुढील खरा प्रश्न उभा राहतो. आपल्या घरांतील अनेक मुले मराठी बोलतात. परंतु शाळेचे माध्यम इंग्रजी वा गुजराती असल्याने सलग मराठी वाचताना अडखळतात. बोली टिकली तरी वाचन एका पिढीत तुटू शकते, आणि मग आजोबांचे कपाट नातवाला परके होते. १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशी चार साहित्य संमेलने या नगरीने पाहिली. तो अभिमान योग्यच आहे. तथापि संमेलन तीन दिवसांचे असते. भाषा घरात रोज वाचली तरच पुढे जाते. जे मूल स्वतः वाचू शकत नाही, ते ऐकू तरी निश्चित शकते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे एक-दोन प्रकरणे ऐकविला, की पुढले पान स्वतः उलटण्याची उत्सुकता बहुधा मुलालाच होते.

सयाजीराव महाराजांनी १९१० पासून बडोदे संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले आणि फिरत्या पेट्यांतून पुस्तके खेड्यापाड्यांत पोहोचविली. आपल्याला त्याहून पुष्कळच थोडे करावयाचे आहे. प्रत्येक सभासदाने येत्या उन्हाळ्यात एक मराठी पुस्तक स्वतःसाठी व एक घरातील मुलासाठी निवडावे, आणि वाचून झाल्यावर ती प्रतीक्षालयात ठेवावीत. कोणी ती परत न करता घरी नेली, तर हरवली असे न मानता कामी आली असे मानावे.