जुन्या पिकअपला कार्बुरेटरच बरा!

मित्रांनो, आमच्या जुन्या पिकअपचा कार्बुरेटर काढून इंजेक्शनचे किट बसवावे, असे बाबा म्हणतात. मला ते पटत नाही.

इंजेक्शनमध्ये छोटा संगणक पेट्रोल मोजून देतो. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत गाडी चटकन सुरू होते आणि उंच घाटातल्या विरळ हवेतही नीट चालते. पण बहारीनमध्ये थंडी कुठे आणि घाट कुठे? आपला सर्वात उंच डोंगर, जबल अद-दुखान, दीडशे मीटरसुद्धा नाही!

उन्हाळ्याचा मुद्दा मात्र खरा आहे. पारा चाळिशीपार गेला की कार्बुरेटरकडे जाणाऱ्या नळीत पेट्रोलची वाफ होते आणि गाडी अडते. इंजेक्शनमध्ये दाब जास्त, म्हणून हे सहसा घडत नाही. पण तोच दहापट दाब जुन्या रबरी नळ्यांना सोसेल का? नळी फुटून तापलेल्या इंजिनवर पेट्रोल उडाले तर आगच! म्हणजे नळ्या, पंप, वायरिंग सगळेच बदलणे आले.

त्यापेक्षा नळी इंजिनपासून दूर घ्यावी, कार्बुरेटरखाली उष्णता अडवणारी जाड चकती बसवावी आणि जेट साफ करून घ्यावेत. आठवड्यातून एकदाच निघणाऱ्या गाडीला एवढे पुरे. रोज लांब जायचे असेल तर इंजेक्शन जरूर घ्या, पण नळ्यांत काटकसर नको.

तुमचे मत काय? पुढच्या अंकासाठी जरूर लिहा.