दारापासून पारापर्यंत

पुण्याच्या पेठांविषयी बोलणं निघालं की एक मत हटकून ऐकू येतं: हा भाग आता म्हाताऱ्या माणसांना राहण्याजोगा उरलेला नाही. रस्ते अरुंद, रहदारी बेसुमार, पदपथ नावापुरते. तेव्हा ज्येष्ठांनी घरातच जपून राहावं, नाहीतर वाडा पुनर्विकासाला देऊन लिफ्ट आणि बाग असलेल्या संकुलात जावं. यातली तक्रार खरी आहे, पण काढलेला निष्कर्ष उलटा आहे. सदाशिव, नारायण, कसबा या पेठांत जे आहे ते नव्या संकुलाला पैसे मोजूनही मिळत नाही. ते म्हणजे चालत जावं अशी ठिकाणं. मंडई, गल्लीतलं देऊळ, औषधाचं दुकान, १८४८ पासूनचं पुणे नगर वाचन मंदिर, ओळखीचा वाणी. पंचाहत्तरीतली बाई क्वचितच व्यायाम म्हणून घराबाहेर पडते. ती कोथिंबीर आणायला, आरतीला, पुस्तक बदलायला निघते आणि त्यात तिचं चालणं होऊन जातं. मोडलं आहे ते दारापासून त्या ठिकाणापर्यंतचं दोन-तीनशे पावलांचं अंतर, आणि दुरुस्तीही त्याचीच व्हायला हवी.

घरात राहिल्याने माणूस सुरक्षित राहतो, हा समज आधी तपासू. पडणं घरातही होतं, न्हाणीघरात तर विशेष. आणि जो चालत नाही त्याच्या पायातली ताकद आणि तोल दोन्ही जातात, म्हणजे पडण्याची भीती वाढतेच. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत पासष्टीपुढच्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम हालचालीबरोबर तीन किंवा अधिक दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही सुचवले आहेत. टोकियोत तीन हजारांहून अधिक वृद्धांची पाच वर्षं पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. घराजवळ चालता येईल अशी हिरवी जागा आणि झाडांच्या सावलीचे रस्ते असलेल्यांत हयात राहिलेल्यांचं प्रमाण अधिक आढळलं. यावर कुणी म्हणेल, धडधाकट आणि सुखवस्तू माणसंच अशा वस्तीत राहतात. पण संशोधकांनी वय, आर्थिक स्थिती आणि सुरुवातीची शारीरिक क्षमता हिशेबात घेऊनही हा संबंध टिकला. एका पाहणीने कार्यकारण सिद्ध होत नाही, हे मान्य. तरी घरात बसवून ठेवण्याच्या बाजूने एवढाही पुरावा कुणी पुढे ठेवलेला नाही.

पुनर्विकासाचा युक्तिवाद अधिक मोहक आहे, आणि लिफ्टची गरज मला पूर्ण मान्य आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या गुडघेदुखीला लिफ्टवाचून उतारा नाही. परंतु पुनर्विकासाची हद्द भिंतीशी संपते. तळमजला वाहनतळाला जातो, रस्त्यालगतचा ओटा नाहीसा होतो आणि फाटकाबाहेर पाऊल टाकताच तीच उखडलेली फरशी समोर येते. आतल्या बागेत गोल गोल फिरण्याला मी कमी लेखत नाही. पण तिथे वाणी नाही, वाचनालय नाही, वाटेत थांबवून विचारपूस करणारं माणूस नाही. 'नाना-नानी पार्क'चंही तेच. उद्यान उत्तम असेल, पण वाटेतला चौक ओलांडता येत नसेल तर तिथे पोचतात ते आधीच ठणठणीत असलेले लोक.

'जागाच नाही, पैसाही नाही,' हा महापालिकेच्या बाजूने येणारा आक्षेप. भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे पदपथ किमान १.८ मीटर मोकळा आणि १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसलेला हवा. पेठांतल्या कित्येक गल्ल्यांत ही रुंदी निघणार नाही, हे खरं. तिथे पदपथाचा हट्ट सोडून वाहनांचा वेग कमी करावा आणि गल्ली सर्वांनी मिळून वापरावी. सिंगापूरने २०१४ पासून वृद्धांची वस्ती जास्त असलेल्या भागांत हेच केलं: वेगमर्यादा कमी, रस्त्याला मुद्दाम वळणं, मधोमध थांबायला जागा. तिथल्या काही सिग्नलवर ज्येष्ठांनी आपलं कार्ड टेकवलं की ओलांडायला तीन ते तेरा सेकंद जास्त मिळतात. ही सोय लाड म्हणून दिलेली नाही. सिग्नलची वेळ सेकंदाला १.२ मीटर चालणारा माणूस गृहीत धरून ठरते. इंग्लंडमध्ये २०१२ च्या एका अभ्यासात पासष्टीपुढचे ८४ टक्के पुरुष आणि ९४ टक्के स्त्रिया त्याहून हळू चालतात असं दिसलं. हातात पिशवी असलेल्या आजींना आपला चौक किती वेळ देतो, हे घड्याळ लावून कुणीही पाहावं. यात उड्डाणपुलाचा खर्च नाही. चेंबरचं झाकण फरशीच्या पातळीला आणायचं, पायरीऐवजी उतार करायचा, थोड्या थोड्या अंतरावर पाठ आणि हात असलेलं बाकडं ठेवायचं (हाताच्या आधाराशिवाय उठता येत नाही, हे तरुण अभियंत्याला सुचत नाही), आणि कुलूप नसलेलं स्वच्छतागृह द्यायचं. हे शेवटचं नसेल तर बायका घरून निघतच नाहीत.

उरतो फेरीवाल्यांचा प्रश्न. त्यांना हटवलं की वाट मोकळी होईल, असं मानणाऱ्यांनी दुचाकींची रांगही मोजावी. भाजीवाली ही वृद्धांची बाहेर पडण्याची गरज आहे, सोबतही आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने तिची जागा आखून देता येते. उभ्या केलेल्या गाडीला मात्र पदपथावर कोणताच हक्क नाही, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगा पदपथ हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला आहे. पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून प्रभागातली कामं मागवते. बाकडं, उतार, झाकण ही त्या अर्जात मावणारीच कामं आहेत. प्रत्येक ज्येष्ठ नागरिक संघाने आपल्या सभासदांच्या दारापासून पारापर्यंतची वाट चालून अडथळ्यांची यादी करावी आणि पुढच्या अंदाजपत्रकाआधी ती क्षेत्रीय कार्यालयात द्यावी.