दुकान आणि खुर्ची



नगरपरिषदेची निवडणूक आली की मंगरूळपीरात दोन मते हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, "धंदेवाल्याला निवडून देऊ नका, तो आधी आपले घर भरील." दुसरा म्हणतो, "ज्याला दुकान चालवता येते, त्यालाच गाव चालवता येईल." यापैकी खरे कोणते? यासाठी सर इब्राहिम रहिमतुल्ला यांची हकिकत पाहण्यासारखी आहे.

1862 मध्ये जन्मलेले इब्राहिमभाई मुंबईच्या खोजा समाजातले. तरुणपणीच ते थोरल्या भावाबरोबर व्यापारात उतरले. 1892 मध्ये मुंबई महापालिकेचे सदस्य झाले आणि 1899 मध्ये तिचे अध्यक्ष. 'महापौर' हे पद पुढे 1931 मध्ये आले; तोवर अध्यक्षच शहराचा पहिला नागरिक असे. तो काळ प्लेगचा होता. 1896 मध्ये मांडवीत साथ सुरू झाली आणि 1898 मध्ये दाट वस्त्यांत हवा-उजेड आणण्यासाठी सुधार ट्रस्ट स्थापन झाला. भेंडीबाजारातल्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे.

पुढे 1921 मध्ये सरकारने देशाचे जकात धोरण ठरवण्यासाठी आयोग नेमला आणि त्याचे अध्यक्षपद त्यांना दिले. बहुमताने ठरवले, की देशी उद्योगांना संरक्षण द्यावे, पण कडक अटी घालून. इब्राहिमभाईंना त्या अटी जाचक वाटल्या. स्वतः अध्यक्ष असूनही त्यांनी घनश्यामदास बिर्ला आदी चौघांसह भिन्नमतपत्रिकेवर सही केली. देशी गिरण्यांच्या कापडावर 1896 पासून साडेतीन टक्के अबकारी कर होता. त्यालाही त्यांनी विरोध केला. आपल्या वऱ्हाडचा कापूस ज्या गिरण्यांत जाई, त्यांच्यावरचाच तो कर. अखेर 1925 मध्ये त्याची वसुली थांबली.

कोणी म्हणेल, व्यापाऱ्याने व्यापाऱ्यांचीच बाजू घेतली. संरक्षणाने कापड महागते आणि त्याची झळ घरच्या बाईला बसते, हेही खरेच. पण त्यांनी आपले मत आडपडद्याने नव्हे, तर सहीनिशी मांडले. ज्याला पटले नाही, त्याला त्याचा जाब विचारता येत होता. 1931 मध्ये तेच केंद्रीय विधिमंडळाचे अध्यक्ष झाले.

तेव्हा दोष धंद्यात नाही, लपवाछपवीत आहे. 1965 च्या नगरपरिषद कायद्याचे कलम 16 सांगते, की परिषदेच्या कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला माणूस नगरसेवक होण्यास अपात्र ठरतो. 'अप्रत्यक्ष' हा शब्द महत्त्वाचा. नाव मेहुण्याचे आणि बिल आपले, हा मार्ग आपल्या सर्वांना ठाऊक आहे.

पद ही अमानत आहे, हे आपण घरात मुलांना शिकवतो. मग उमेदवार सलाम करायला दारात येईल तेव्हा चहा जरूर पाजा, पण एवढे विचारा : "भाईजान, आपला किंवा आपल्या माणसांचा नगरपरिषदेशी काही देण्याघेण्याचा व्यवहार आहे का?" उत्तर चारचौघांत द्यायला सांगा.