जुना कॅमेरा भंगारात देऊ नका

अंबडला मत्स्योदरी देवीच्या टेकडीवर आता जो तो मोबाइलवर छायाचित्रे टिपतो. मग घरातला रिळाचा कॅमेरा भंगारात द्यावा का? माझ्या मते, मुळीच नाही. रीळ महागले, हे खरे. पण हा कॅमेरा रिळाविनाही प्रयोगशाळाच आहे.

स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली बनवलेल्या डिजिटल कॅमेऱ्याला एक चित्र नोंदायला २३ सेकंद लागत. आज ते पापणी लवायच्या आत होते. पण चिपवर काय घडते, ते डोळ्यांना दिसत नाही.

रिकाम्या कॅमेऱ्याचे मागचे झाकण उघडा, रिळाच्या जागी पतंगाचा पांढरा कागद ताणून धरा आणि शटर ‘बी’ खुणेवर दाबून ठेवा. समोरचे देऊळ कागदावर उलटे दिसेल! असा गुरू कोणी किलोच्या भावाने विकतो का?